काही न देणारा उमेदवार

दिवाळीची साफसफाई म्हणजे आमच्या घरी दरवर्षीचा एक लहानसा तंटाच असतो. मायला जुने काही टाकवत नाही आणि मला जुने काही ठेववत नाही. 2024 साली तर दिवाळी आणि विधानसभेची निवडणूक एकाच महिन्यात दारात येऊन उभ्या राहिल्या. शेजारच्या फराळाच्या ताटांबरोबर घरात जाहीरनामेही येऊ लागले. कागद गुळगुळीत, छपाई रंगीत, आणि प्रत्येकात काही ना काही देण्याचे वचन. माय निरक्षर आहे, पण कागदाची पारख तिला उत्तम. तिने सगळे जाहीरनामे जमा केले आणि चिवड्याच्या व शंकरपाळ्यांच्या डब्यांच्या तळाशी व्यवस्थित अंथरले. तेल चांगले शोषतात, असा तिचा अभिप्राय पडला.

त्याच साफसफाईत माळ्यावरून बाबांची पत्र्याची पेटी खाली आली. आत होते एक पागोटे, सातबाऱ्याच्या पिवळ्या पडलेल्या नकला, शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला आणि घडीवर फाटलेले एक पत्रक. शाई इतकी विटली होती की मजकूर लागत नव्हता. पण ते कशाचे होते, हे मला वाचायची गरज नव्हती. ते 1995 च्या निवडणुकीचे होते. त्या वर्षी आमच्या हिंगणघाट मतदारसंघातून शरद जोशी उभे होते.

नव्या वाचकांसाठी चार शब्द सांगितले पाहिजेत. हा मनुष्य भारतीय टपाल सेवेतला मोठा अधिकारी. पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे जागतिक टपाल संघात नोकरी. ती सोडून 1976 साली तो परत आला आणि पुणे जिल्ह्यात चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागला. शेती कितीही नेटाने केली तरी ती तोट्यातच का जाते, याचा हिशेब मांडता मांडता 1979 साली शेतकरी संघटना उभी राहिली. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही तिची घोषणा. 1990 साली संघटनेची पाच माणसे जनता दलाच्या तिकिटावर विधानसभेत गेली. त्यांत आमच्या वर्धा जिल्ह्याच्या सरोजताई काशीकर होत्या, आमच्या हिंगणघाटचे वसंतराव बोंडेही होते. 1994 साली जोशीसाहेबांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला आणि पुढच्या वर्षी ते स्वतःच आमच्याकडे मत मागायला आले.

आमच्या भागाला कापसाचे दुखणे जुने आहे. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात 'हिंगणघाट' हे कापसाच्या एका जातीचे नाव होते. नावाचा हा डौल सातासमुद्रापलीकडे गेला, पण पिकवणाऱ्याच्या अंगावरचा सदरा काही धड झाला नाही. 1972 पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस सरकारलाच विकायचा आणि राज्याबाहेर न्यायचा नाही. मी लहान असताना बाबांबरोबर बंडीवर बसून खरेदी केंद्रावर जाई. रांगेत दोन-दोन रात्री काढायच्या, बैलांना तिथेच कडबा घालायचा. मग कोणीतरी येऊन मूठभर कापूस चिमटीत धरी आणि प्रत सांगे. त्या चिमटीत आमचे वर्ष असे. बाबा तेव्हा त्याच्या बोटांकडे पाहत नसत, बैलांच्या गळ्यावरून हात फिरवत राहत. पैसे मिळत तेही हप्त्याहप्त्याने.

अशा माणसाला जोशीसाहेबांचे म्हणणे पटू नये तर काय? निवडणुकीच्या आधी बाबा मला त्यांच्या सभेला घेऊन गेले. मी मॅट्रिकला होतो, परीक्षा महिन्यावर आली होती. 'शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो' अशी सुरुवात झाली आणि पुढे एखादा प्राध्यापक फळ्यावर गणित सोडवून दाखवतो तसे भाषण चालले. आवाज चढत नव्हता. शेतमालावरची बंधने उठवा. माल कुठे आणि कोणाला विकायचा ते पिकवणाऱ्याला ठरवू द्या. परवान्यांचे राज्य संपवा. सूट आणि अनुदान नको, रास्त भाव द्या. सरकारने कायदा-सुव्यवस्था सांभाळावी आणि आमच्या वावरातून बाहेर निघावे. एवढाच काय तो कार्यक्रम. रस्ता देतो, नळ देतो, पोराला नोकरी लावतो, यातले एक अक्षरही नव्हते.

घरी परतल्यावर बाबा चुलीपाशी बसून मायला सांगू लागले, "हा मानूस काई देतो म्हनतच नाई वं. उलटं, सरकारचं देनं-घेनं बंद करतो म्हनते."

माय भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मंग त बरंच हाय. देनाऱ्याच्या दारात उभं राहा लागनार नाई."

मायचे आणि या उमेदवाराचे एक वेगळे नाते होते. 1990 च्या सुमारास संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला. नवऱ्याने आपल्या जमिनीचा वाटा स्वखुशीने बायकोच्या नावे करून द्यायचा, गावोगाव एवढेच मागणे. कायद्याचा धाक नाही की सरकारी बक्षीस नाही. आयुष्यभर जिने वावर निंदले त्या बाईचे त्या मातीवर ऋण आहे, ते फेडा, इतकेच सांगणे. बाबा चार रात्री झोपले नाहीत. भाऊबंद हसले. पाचव्या दिवशी ते मायला घेऊन तलाठ्याकडे गेले आणि आठ एकरांपैकी तीन एकरांवर तिचे नाव चढले. अंगठा उठवताना तिचा हात थरथरला, असे बाबा सांगत. माय म्हणे, हात बाबांचाच थरथरत होता. आमच्या घरातला हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

मतदानाचा दिवस उजाडला. बाबांनी सदऱ्याला लाल बिल्ला लावला, मायने ठेवणीतले लुगडे नेसले आणि दोघे शाळेकडे गेली. पुढे निकाल लागला, जोशीसाहेब पडले. बाबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. एवढे मनाला लागले म्हणून मला त्यांचा अभिमान वाटला होता.

पुढचे सांगायचे तर थोडक्यात सांगतो, कारण ती वर्षे रेंगाळावीत अशी नव्हती. मी मॅट्रिकवर थांबलो. एकाधिकार खरेदी 2002 च्या सुमारास मोडीत निघाली, पण तोवर भाव, बियाणे आणि कर्ज यांनी आमच्याकडच्या माणसाला घेरले होते. 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्या सहांत आमचा वर्धा होता. हा मान कोणत्या दुःखामुळे मिळाला, ते सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आदल्या वर्षीच बाबांची पाच एकरे सावकाराच्या कर्जात गेली. उरलेली तीन विकून मोकळे व्हावे, असे एका रात्री त्यांच्या मनाने घेतले. कागद तयार झाला. अंगठा मायचा हवा होता.

माय म्हणाली, "ह्या वावरावर माहं नाव हाय. ते खोडाचं असन त पहिले मले खोडा."

बाबा उठून बाहेर गेले. मी त्यांच्या मागोमाग गेलो, कारण त्या दिवसांत बाहेर गेलेल्या बापाच्या मागोमाग जाण्याची आमच्याकडे पोरांना सवयच लागली होती. ते विहिरीच्या काठावर बसले होते. मी काही न बोलता शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "तुही माय खरं बोलते." आणि आम्ही घरी आलो. त्या तीन एकरांवर घर पुन्हा उभे राहिले. मला मास्तरकी मिळाली ती नंतर.

आता पेटीतल्या पत्रकाकडे वळतो. 12 डिसेंबर 2015 रोजी शरद जोशी गेल्याची बातमी आली. बाबा तेव्हा फार थकले होते. त्यांनी पेटी खाली काढायला लावली, बिल्ला हातात घेतला आणि म्हणाले, "म्या त्याले मत नाई देलं."

मला वाटले, वयाने घोटाळा होतो आहे. पण त्यांना सगळे नीट आठवत होते. मतदानाच्या आदल्या रात्री एका पक्षाचा माणूस घरी आला होता. आमच्या गावाबाहेरचा नाला पावसाळ्यात चढला की माझी शाळा चार-चार दिवस बुडायची. त्या माणसाने त्यावर पूल करून देण्याचे वचन दिले. बाबांनी छातीवर बिल्ला लावला आणि शिक्का पुलावर मारला. "पोराची शाळा होती," एवढेच ते म्हणाले. पूल झाला खरा, पण सात-आठ वर्षांनी. तोवर माझी शाळा कधीच सुटली होती.

माय कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मले ठाऊक हाय. तुमी दोन दिवस मुके काऊन होते, ते मले तवाच समजलं. म्या देलं होतं त्याले. दोघातलं एक त पोचलं."

बाबा खूप दिवसांनी हसले.

वाचकहो, मी बाबांना दोष देऊ शकत नाही. त्या उमेदवाराचे सारेच मला पटते असेही नाही. मी शिकलो ती शाळा सरकारनेच काढलेली होती, आणि आमच्या नाल्यावर पूल बांधायला कोणताही बाजार धावून आला नसता. पण एक गोष्ट मनातून जात नाही. आमच्या जिल्ह्याला देणाऱ्यांपेक्षा मागणारी माणसेच मोठी लाभली. सेवाग्रामच्या म्हाताऱ्याने मरणाच्या आदल्या दिवशी, 29 जानेवारी 1948 ला, आपल्याच काँग्रेसने सत्तेची वाट सोडून लोकसेवक संघ व्हावे असे लिहून ठेवले. पवनारच्या विनोबांनी 1951 पासून पायी हिंडून जमीन मागितली. आणि आंबेठाणच्या या कोट-पाटलोणीतून आलेल्या शेतकऱ्याने नवऱ्यांकडे बायकांचा वाटा मागितला. तिघांचे विचार एकमेकांशी जुळतीलच असे नाही. गांधी-विनोबांच्या वाटेने जोशी गेले नाहीत. पण तिघांनीही आम्हाला काही द्यायला लावले. देणारा आपल्याला याचक समजतो. मागणारा आपल्याजवळ देण्यासारखे काही आहे, असे धरून चालतो. निवडणुकीत आम्ही उमेदवाराची परीक्षा घेतो, असे मी वर्गात नागरिकशास्त्र शिकवताना पोरांना सांगतो. 1995 साली आमच्या घरात मात्र उमेदवाराने परीक्षा घेतली. माय पास झाली, बाबा एका विषयात राहिले. मी मतदार असतो तर कुठे शिक्का मारला असता, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

पत्रक मी टाकले नाही. तंट्यात यंदा मायची सरशी झाली.

दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे कापसाची वेचणी लागते. पहिल्या दिवशी वावरात सीतादहीची पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. त्या दिवाळीत मी मायला घेऊन वावरात गेलो. तिची पाठ आता पऱ्हाटीच्या उंचीला आली आहे. पूजा झाल्यावर ती धुऱ्यावर टेकली. रस्त्याने प्रचाराची गाडी कर्णा वाजवत चालली होती. काय काय मिळणार, त्याची यादी ऐकू येत होती. मायने जरा कान दिला आणि विचारले, "काय म्हनते तो?"

"तुला काय काय देणार ते सांगतो आहे."

तिने नैवेद्यातला दहीभात माझ्या हातावर ठेवला आणि बोंडांनी पांढऱ्या झालेल्या आपल्या तीन एकरांकडे पाहिले.

"त्याले म्हना," ती म्हणाली, "भूक लागली असन त ये इकडं."