शूर्पारकाचा गाळ

भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही. पाणी म्हटले की इकडच्या माणसाला वैनगंगा आठवते, नाहीतर गावाचा तलाव. अशा ठिकाणी राहून आम्ही बंदरांविषयी लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु आमच्या धर्मग्रामातील महाविद्यालयीन मुले एक प्रश्न वारंवार घेऊन येतात : “फादर, आपला धर्म बाहेरचा आहे का?” कोणीतरी त्यांना तसे ऐकविलेले असते. या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की आमचे मन सोपाऱ्याच्या बंदराकडे वळते, आणि तेथून थेट भूमध्य समुद्रावरील अलेक्झांड्रियाकडे.

पालघर जिल्ह्यातील आजचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकलला. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडाही तेथे सापडला. बौद्ध कथांतील पूर्ण हा याच गावचा व्यापारी. समुद्रावर माल नेणारा हा मनुष्य बुद्धांचा शिष्य झाला आणि उग्र लोकांत धर्म सांगावयास निघून गेला. म्हणजे या बंदरात माल आणि श्रद्धा यांची ये-जा एकाच वाटेने होत असे.

ती वाट कशी होती? पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात सोपारा, कल्याण आणि चौल यांची नावे आहेत. पैठण व तेर येथून कापड आणि इतर माल गाड्यांवर लादून, अवघड वाटांनी भडोचला जात असे, हेही तो नोंदवितो. जहाजे तांबड्या समुद्रावरील बंदरांतून जुलैच्या सुमारास निघत, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याने इकडे येत आणि हिवाळ्यात उलट वाऱ्यावर परत फिरत. स्ट्रॅबो सांगतो की, त्याच्या काळी वर्षाला १२० जहाजे हिंदुस्थानाकडे निघत. परतीचा माल उंटांवरून नाईल नदीपर्यंत आणि नदीतून अलेक्झांड्रियाला पोहोचे. रोमचे सरकार त्यावर चौथाई जकात घेई. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती याच व्यवहाराची साक्ष देते.

अलेक्झांड्रिया इ. स. पूर्व ३३१ मध्ये सिकंदराने वसविली. तिच्या दीपस्तंभाची आणि ग्रंथालयाची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिचे खरे वैभव तिच्या वस्तीत होते. इजिप्तचे मूळ रहिवासी, ग्रीक आणि यहुदी तेथे शेजारी राहिले. तेथील यहुदी लोक हिब्रू विसरत चालले, तेव्हा इ. स. पूर्व तिसऱ्या शतकापासून त्यांच्या धर्मशास्त्राचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. पुढे शुभवर्तमानकारांनी जुन्या करारातील वचने बहुधा त्याच भाषांतरावरून घेतली. संत मार्क यांनी या नगरीत ख्रिस्ताचे नाव आणले, अशी परंपरा आहे. याच नगरीच्या एरियस नामक धर्मगुरूच्या मताचा ३२५ साली निकेआच्या परिषदेने निर्णय केला, आणि याच नगरीच्या संत अथनासियस यांनी तो निर्णय पुढे पाच वेळा हद्दपारी सोसून जपला. ‘पित्याशी एकतत्त्व’ हा विश्वासांगीकारातील शब्द आम्ही वैनगंगेच्या खोऱ्यात उच्चारतो, त्यामागे या बंदराचा एवढा झगडा आहे.

इकडे आमच्या किनाऱ्यावर काय घडले? सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मास हा व्यापारी पुढे संन्यासी झाला. ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून दीक्षा घेऊन आलेला बिशप आहे, असे तो लिहून ठेवतो. हे स्थळ म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. एप्रिल १३२१ मध्ये ठाणे येथे तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन फ्रान्सिस्कन सोबती रक्तसाक्षी झाले. ते तेथे एका नेस्तोरियन ख्रिस्ती घरी उतरले होते. म्हणजे या किनाऱ्यावर ख्रिस्ताचे नाव त्यांच्या आधीच पोहोचलेले होते. डोमिनिकन संघाचे जॉर्डानस यांनी त्यांचे देह सोपाऱ्यात पुरले. वास्को द गामा कालिकतला उतरला, त्याच्या पावणेदोनशे वर्षे आधीची ही घटना आहे.

तेव्हा मुलांना आम्ही सांगतो : होय, आपला धर्म बाहेरून आला. तो अलेक्झांड्रियातही बाहेरूनच आला आणि रोममध्येही. जेरुसलेम सोडले तर सर्व जगास तो पाहुणा म्हणूनच भेटला. ज्या घराने दार उघडले, त्या घराचा तो झाला. इंग्लंडात जन्मलेले फादर स्टीफन्स गोव्यात येऊन मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचतात, आणि १६१६ साली छापलेला तो ग्रंथ आज मराठीचे भूषण ठरतो, तो याच न्यायाने.

मात्र या उत्तराची दुसरी बाजू आम्हांस अधिक टोचते. दार उघडणाऱ्या नगरीने ते बंदही केले. इ. स. ४१५ मध्ये अलेक्झांड्रियात हायपेशिया या विदुषीला ठार मारणारा जमाव स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत होता. त्याच सुमारास तेथील यहुद्यांना घराबाहेर काढण्यात आले. दीड हजार वर्षांनी, १९५६ च्या सुएझ संघर्षानंतर, फ्रेंच, इंग्रज आणि यहुदी कुटुंबांना ते शहर सोडावे लागले. ग्रीक व इटालियन लोकही पुढे पांगले. सोपाऱ्याची कथा याहून साधी. तिची खाडी गाळाने भरत गेली आणि जहाजे दुसरीकडे वळली. एका दिवसात काहीच घडले नाही.

आमची मंडळी समुद्रापासून दूर असली, तरी तिचे घडणे बंदरासारखेच आहे. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीने, चिखला व डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींनी दूरदूरची माणसे येथे आणली. केरळच्या परिचारिका, छोटा नागपूरचे आदिवासी, गावचे नवे-जुने ख्रिस्ती एका वेदीभोवती उभे राहतात. आणि गीत कोणत्या भाषेत म्हणावे, सणाच्या कमिटीत कोणी बसावे, यावरून घरे एकमेकांशी अबोला धरतात. बाहेरच्याने आम्हांस परके म्हटले की आम्ही दुखावतो. तोच शब्द मिस्सा सुटल्यावर आमच्याच अंगणात हलक्या आवाजात ऐकू येतो.

आमच्या जिल्ह्यातील शेतकरी माजी मालगुजारी तलावांवर शेकडो वर्षे जगला आहे. तलाव फुटला तर गाव एका रात्रीत धावून जाते; गाळाकडे मात्र लक्ष जाण्यास वर्षे लागतात. म्हणून जाणते कोहळी उन्हाळ्यात, पाणी आटल्यावर, टोपल्या-फावडी घेऊन तलावात उतरत. प्रायश्चित्तकाळ आमच्याकडे त्याच दिवसांत येतो. यंदा तो आला म्हणजे ज्या शेजाऱ्याशी बोलणे तुटले आहे, त्याच्या दारी आपण प्रथम जावे, एवढीच आमची आपल्या कुटुंबांस विनंती आहे.