सरकारी ठेका आणि शनिवारचा पगार

सरकारी कामाबद्दल आपल्या घरांत दोन मते ऐकू येतात. एक म्हणतो, "सरकारचा पैसा बुडत नाही." दुसरा म्हणतो, "सरकारी बिलामागे फिरून चपला झिजतात." दोन्ही बोल अनुभवाचे आहेत आणि दोन्ही खरे आहेत. पैसा सहसा बुडत नाही, पण तो कधी हाती पडेल हेही सांगता येत नाही. मधला काळ कोणाच्या पैशावर काढायचा, हा खरा सवाल असतो. गेल्या हिवाळ्यात तो आमच्याच घरात आला, म्हणून हे चार शब्द लिहीत आहोत. ज्यांची मुले-भाऊ लहानसहान ठेकेदारीत आहेत, त्यांना कदाचित उपयोग होईल.

लातूर जिल्ह्यातले आमचे तालुक्याचे गाव. आम्ही दोघे नवरा-बायको शाळेत शिकवतो. धाकटा भाऊ आणि आपांचा मुलगा फायबर केबलचे काम करतात. चर खोदायचा, त्यात पाइप टाकायचा, पाइपमधून केबल ओढायची, टोके जोडायची आणि जोड नीट बसला की नाही ते यंत्रावर तपासायचे, असा हा धंदा. केबल जोडायचे एक मशीन, तपासणीचे एक यंत्र, एक जुनी पिकअप आणि हंगामात चौदा माणसे. आजवर ते मोठ्या ठेकेदाराकडून पेटी ठेक्यावर काम घेत आले. दर कमी मिळतो, पण ठेकेदार दर शनिवारी उचल देतो. त्या उचलीवर चौदा घरांचा आठवडी बाजार होतो.

या धंद्याला सध्या बरे दिवस आहेत. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिलाच भारतनेट हे नाव मिळाले. २०२३ मध्ये सुधारित भारतनेटसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. एवढा पैसा वाहत असताना आपण ओंजळ का भरू नये, असे पोरांना वाटणे साहजिक आहे. भाचा तर म्हणाला, "मामू, खोदतो आम्ही, जोडतो आम्ही, आणि मलई मधला खातो. या वेळी टेंडर आपणच भरू."

टेंडर होते चोवीस किलोमीटरच्या कामाचे. अंदाजे किंमत जीएसटी सोडून ४८ लाख, मुदत आठ महिने. केबल आणि पाइप खात्याकडून मिळणार होते. मजुरी, यंत्रे, डिझेल सगळे आपले. पोरांच्या हिशेबाने महिन्याला चार लाख खर्च, म्हणजे आठ महिन्यांत ३२ लाख. सर्वांत कमी दर भरणाऱ्यालाच काम मिळते, म्हणून दर उतरवून ४२ लाखांवर आणला तरी दहा लाख शिल्लक दिसत होते. दहा लाख म्हणजे आमच्यासारख्या घरात मुलीचे शिक्षण आणि घरावरचा स्लॅब.

टेंडरची कागदपत्रे जाडजूड होती. वाचून समजावून देण्याचे काम अर्थातच आम्हा मास्तर मंडळींकडे आले. चार रात्री आम्ही ती वाचली आणि जे सापडले ते वहीत लिहीत गेलो.

पहिली गोष्ट बयाणा रकमेची. मोहल्ल्यात सगळे सांगत होते, "उद्यम प्रमाणपत्र काढा, बयाणा माफ होतो." लघुउद्योगांसाठी केंद्राचे २०१२ चे खरेदी धोरण आहे आणि त्यात ही सवलत आहे, हे खरे. पण ते धोरण माल आणि सेवा यांच्यासाठी आहे. खोदकाम-बांधकामासारखा कामाचा ठेका त्यात येत नाही. आमचे टेंडर कामाच्या ठेक्याचे होते. म्हणजे दोन टक्के बयाणा, ९६ हजार, भरणे आलेच.

दुसरी गोष्ट सुरक्षा ठेवीची. काम मिळाल्यावर पाच टक्के, म्हणजे सुमारे दोन लाख दहा हजार, काम संपून वर्ष होईपर्यंत अडकणार. बँक गॅरंटी दिली तरी बँक त्यासाठी मुदत ठेव मागते. मग त्या ठेवीवरच्या व्याजाचे काय करायचे, हा प्रश्न आमच्या घरात लगेच उठला.

तिसरी गोष्ट बिलाची. पाव काम झाल्यावर पहिले बिल. त्याआधी साहेब येऊन चराची खोली मोजणार, मोजमाप पुस्तिकेत नोंद करणार, ती वर तपासली जाणार. चर साधारण १६५ सेंटिमीटर खोल लागतो. आमच्याकडे वर काळी माती आणि खाली काळा दगड. दगड लागला की दिवसाचे काम निम्म्यावर येते. रस्ता ओलांडायला परवानगी, पाण्याच्या पाइपलाइनजवळ परवानगी, पावसाळ्यात खोदाई बंद. उशीर झाला तर दंड मात्र आठवड्याच्या हिशेबाने आपल्यावर.

चौथी गोष्ट जीएसटीची. बिल दिले की १८ टक्के कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो, खात्याकडून पैसे आलेले असोत वा नसोत. आणि मजुरीवर तर वजा करायलाही काही मिळत नाही.

मग आम्ही वहीचे एक पान आडवे धरले आणि त्यावर महिने मांडले. चार महिन्यांचा खर्च १६ लाख. सुरक्षा ठेव दोन लाख दहा हजार. साडेदहा लाखांच्या पहिल्या बिलावरचा कर एक लाख नव्वद हजारांच्या आसपास. बेरीज वीस लाख. चौथ्या महिन्याअखेर खात्यातून एक रुपया आला नाही असे धरले, तर वीस लाख आपल्याजवळ हवेत. पोरांजवळ साडेसहा लाख होते. उरलेले साडेतेरा लाख कोठून आणायचे? त्या रात्री कोणी चहालाही हात लावला नाही.

बँकेच्या कर्जाला अम्मींनी नकार दिला. व्याजाचा पैसा या घरात अब्बांच्या काळापासून आलेला नाही. नात्यातले एक बुजुर्ग पंधरा लाख द्यायला तयार झाले. म्हणाले, "कर्ज नाही, भागीदारी समजा. फक्त महिन्याला दोन टक्के ठरलेले द्या." आम्ही अदबीने विचारले, "चाचा, नुकसान झाले तर त्यातही भागी राहाल ना?" ते म्हणाले, "नुकसान माझे कसे? काम तुमचे." नफा ठरलेला आणि तोटा एकट्याचा, याला भागीदारीचे नाव दिले म्हणून ते व्याज नसते असे होत नाही. आम्ही शुक्रिया म्हणून तो विषय मिटवला.

भाच्याने कायद्याचा आधार काढला. २००६ च्या लघुउद्योग कायद्यात ४५ दिवसांच्या आत पैसे देण्याचे बंधन आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे लागते. तक्रारीसाठी २०१७ पासून समाधान पोर्टलही आहे. सगळे बरोबर. पण कामाचा ठेका या कायद्यात बसतो की नाही, यावरच न्यायालयांत वाद झाले आहेत. शिवाय ज्या कार्यालयाकडून पुढचे काम हवे, त्याच्याविरुद्ध लहान ठेकेदार पहिल्याच वर्षी किती भांडेल?

एका जाणत्याने "फाईल हलवण्याचा" रस्ताही सुचवला. हराम तर ते आहेच. शिवाय २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही घेणाऱ्यासारखाच गुन्हेगार ठरतो, हेही पोरांना माहीत असावे म्हणून स्पष्ट सांगितले.

शेवटी निर्णय एका प्रश्नावर आला. बिल अडकले तर थांबणार कोण? खाते थांबत नाही, बँक थांबत नाही, डिझेलवाला थांबत नाही. थांबावे लागते ते मजुराला. घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी ही शिकवण आपण मुलांना मदरशात आणि घरी देतो. मग जे काम घेताच मजुराचा शनिवार चुकणार हे कागदावर आधीच दिसते, ते घ्यायचे कोणत्या तोंडाने? आमच्या मुकादमाच्या मुलीचे लग्न उन्हाळ्यात होते. त्याला "बिल आले की देतो" असे सांगण्याची वेळ आम्ही डोळ्यांसमोर आणली आणि चोवीस किलोमीटरचे टेंडर भरायचे नाही असे ठरवले.

पण टेंडरच भरायचे नाही, असे मात्र ठरले नाही. त्याच सुमारास टाकलेल्या केबलच्या देखभालीचे एक लहान टेंडर निघाले होते. केबल कोठे तुटली की जाऊन जोडायची. वर्षाचे काम नऊ लाखांचे, माणसे तीन, मशीन आणि गाडी घरचीच. पुन्हा तेच पान मांडले. सहा महिने एक पैसा आला नाही तरी मजुरी, डिझेल आणि कर मिळून चार लाखांच्या आत भागत होते. ते आपल्या साडेसहात बसले. हे काम सेवेत मोडत असल्याने बयाणाही माफ होता. पोरांनी ते भरले आणि मिळाले. पहिले बिल पाचव्या महिन्यात आले. तोपर्यंत एकही शनिवार चुकला नाही, अल्हम्दुलिल्लाह. बाकीची अकरा माणसे पेटी ठेक्याच्या कामावर आहेत.

भाचा अजून थोडा नाराज आहे. म्हणतो, "मामू, असे केले तर मोठे कधी होणार?" त्याचा प्रश्न रास्त आहे. दोन वर्षांनी त्याच्या हातात सरकारी कामाचे स्वतःच्या नावाचे अनुभव प्रमाणपत्र असेल आणि बिले किती दिवसांत येतात याची स्वतःची नोंद असेल. दर महिन्याला थोडी रक्कम तो वेगळी काढतो आहे. ती पुरेशी झाली की मोठे टेंडर भरायला आमची ना नाही.

आपल्या घरातही असा विषय निघाला, तर नफ्याचा आकडा ऐकण्याआधी सगळ्यांनी मिळून एक पान आडवे धरावे आणि महिने मांडावेत. घरातल्या बायकांनाही त्या मशवऱ्यात बसवावे. आमच्याकडे साडेतेरा लाखांचा आकडा पहिल्यांदा भावाच्या बायकोने मोठ्याने वाचला होता.