आठ सद्गुणांचा मुलूख

मित्रांनो, आज आपण एका अशा देशाची सफर करणार आहोत, की जिथे जायला पासपोर्ट लागत नाही आणि आगगाडीचं तिकीटही लागत नाही. या देशाचं नाव ब्रिटानिया. तुम्ही नकाशाचं पुस्तक उघडाल, पण तिथे तो सापडायचा नाही बरं का! कारण तो आहे 'अल्टिमा ४' नावाच्या कॉम्प्युटर गेममध्ये. अमेरिकेतल्या रिचर्ड गॅरिअट या तरुणाने १९८५ साली तो गेम तयार केला, तेव्हा त्याचं वय होतं अवघं चोवीस. त्याचे वडील ओवेन गॅरिअट हे अंतराळवीर. १९७३ मध्ये ते 'स्कायलॅब' या अंतराळस्थानकात राहून आले होते. वडील पृथ्वी सोडून वर जाऊन आले, तर मुलाने पृथ्वीवर नसलेला देशच वसवला!

तुम्ही म्हणाल, गेममधल्या देशात पाहण्यासारखं ते काय असणार? पण ब्रिटानिया निराळा आहे. गॅरिअटने आधीही गेम केले होते. त्यांत खेळणारे काय करत? दुकानं लुटत, वाटेतल्या गावकऱ्यांना मारत, आणि शेवटी दुष्टाला हरवून 'वीर' म्हणून मिरवत. त्याला पत्रं येऊ लागली. काही पत्रांत पालकांची नाराजी असायची. गॅरिअट विचारात पडला. चोऱ्या करून जिंकणारा हा कसला वीर? मग त्याने ठरवलं, आता असा देश उभा करायचा, की जिथे तुम्ही कसे वागता हाच खेळ.

चला तर, निघू या. गेमच्या खोक्यात कापडावर छापलेला नकाशा मिळत असे. तो पसरला की दिसतात डोंगर, जंगलं, बेटं आणि आठ गावं. प्रत्येक गाव एकेका सद्गुणाचं. पूर्वेच्या बेटावर मूनग्लो, ते प्रामाणिकपणाचं. मध्यभागी ब्रिटन, करुणेचं. नैर्ऋत्येला बेटांवर वसलेलं जेलोम शौर्याचं, तर वायव्येच्या दाट रानातलं यू न्यायाचं. मिनॉक त्यागाचं, ट्रिन्सिक इमानाचं, स्कारा ब्रे अध्यात्माचं. आठवं गाव मॅजिन्सिया. ते नम्रतेचं असायला हवं, पण तिथे पोचल्यावर दिसतात पडक्या भिंती आणि फिरणारी भुतं. तिथल्या लोकांना गर्व झाला आणि त्या गर्वानेच गाव गेलं. नम्रता शिकायची, तर हे भग्न गाव पाहायचं!

या देशात शिरताना वेशीवर एक भविष्य सांगणारी बाई भेटते. ती पत्ते मांडते आणि एकामागून एक सात प्रश्न विचारते. त्यातला एक साधारण असा: तुमच्याजवळ कुणीतरी सोन्याच्या नाण्यांची थैली पोचवायला दिली आहे. नाणी मोजलेली नाहीत. वाटेत एक भिकारी भेटतो. एक नाणं त्याला द्याल, की थैली जशीच्या तशी पोचवाल? गंमत अशी, की दोन्ही उत्तरं चांगलीच आहेत. एक करुणेचं, दुसरं प्रामाणिकपणाचं. पण निवडायचं एकच. तुमच्या उत्तरांवरून ठरतं, की तुम्ही कोण आणि प्रवास कुठून सुरू करणार. शौर्य निवडणारा योद्धा होतो आणि जेलोमला उतरतो. नम्रता निवडणारा होतो साधा मेंढपाळ, आणि त्याची सुरुवात होते त्या पडक्या मॅजिन्सियातून. ही सगळ्यांत खडतर सुरुवात समजली जाते. चांगुलपणा स्वस्तात मिळत नाही, नाही का?

आता बाजारात जाऊ. मंत्रासाठी लागणारा लसूण, जिन्सेंग अशा वस्तू विकणारी बाई आंधळी आहे. ती किंमत सांगते आणि पैसे तुम्हीच मोजून द्यायचे असतात. बारा नाणी झाली असतील आणि तुम्ही एकच ठेवलंत, तरी तिला कळत नाही. ती ओरडत नाही, पहारेकरी येत नाहीत. माल मिळतो आणि तुम्ही खुशाल बाहेर पडता. फुकटात काम झालं!

पण झालं का? ब्रिटानियात एक गुप्त खातेवही आहे. आठ गुणांची आठ पानं. आंधळ्या बाईला फसवलंत, की प्रामाणिकपणा, न्याय आणि इमान या तिन्ही पानांवर वजाबाकी होते. भिकाऱ्याला नाणं दिलंत, की करुणेची बेरीज. वैद्य रक्त मागतो, ते दिलंत तर त्यागाची बेरीज, नाही म्हणालात तर वजाबाकी. दुष्ट शत्रूसमोरून पळ काढलात तर शौर्य घटतं. उलट साप-उंदरासारखा साधा प्राणी पळू लागला आणि तुम्ही त्याला जाऊ दिलंत, तर करुणा आणि न्याय वाढतात. हे आकडे पडद्यावर कुठेही दिसत नाहीत. राजवाड्यात हॉकविंड नावाचा एक द्रष्टा बसलेला असतो. त्याला विचारलं, तर तो तुमचं कसं चाललंय एवढंच शब्दांत सांगतो. मार्क मात्र सांगत नाही!

एखाद्या गुणाचं पान पुरतं भरलं, की त्या गुणाच्या देवळात जायचं. तिथे मंत्र म्हणून ध्यान करायचं. अध्यात्माचा मंत्र कोणता, ओळखा पाहू? 'ओम'! त्या देवळाला तर पायवाटच नाही. ब्रिटानियाच्या आकाशात दोन चंद्र आहेत. दोन्ही पूर्ण असताना जे चंद्रद्वार उघडतं, त्यातूनच तिथे पोचता येतं. आठही गुण मिळवले, की प्रवासी होतो 'अवतार'. होय, आपलाच अवतार! हा शब्द गॅरिअटने भारतीय परंपरेतून घेतला. पण अवतार झालात म्हणून सुटलात असं नाही. पुन्हा कुणाला फसवलंत, तर मिळवलेला आठवा हिस्सा हातून जातो.

आता शेवट ऐका. खोल विवरात उतरल्यावर तुम्हाला वाटेल, इथे मोठा राक्षस असणार. पण सेनापती नाही, राक्षसांचा राजा नाही. शेवटी असतात फक्त प्रश्न, आणि एक ज्ञानग्रंथ. १९८५ साली हे फार नवं होतं.

या देशात एक पळवाट मात्र होती. भिकाऱ्याला एक नाणं द्या की शंभर द्या, करुणा तेवढीच वाढायची. हुशार मुलांनी हे लगेच हेरलं. एक नाणं टाकायचं, थोडं थांबायचं, पुन्हा एक टाकायचं. पान भरलं! आता सांगा, ही करुणा झाली का? खातेवही हात काय करतो ते लिहिते, मनात काय आहे ते तिला वाचता येत नाही. आईबाबांनो, घरातल्या 'शहाण्यासारखं वागलास तर चॉकलेट' या हिशेबालाही हाच प्रश्न लागू पडतो.

गॅरिअट पुढच्या गेममध्ये, १९८८ च्या 'अल्टिमा ५' मध्ये, आपल्याला पुन्हा त्याच देशात नेतो. राजा बेपत्ता आहे आणि ब्लॅकथॉर्न नावाच्या सरदाराने त्याच आठ गुणांचे कायदे केले आहेत. खोटं बोललात तर जीभ गमवाल. निम्मी कमाई दान केली नाहीत तर सगळी कमाई जाईल. गुण तेच, गावं तीच, पण रस्त्यांवर भीती पसरलेली. जबरदस्तीने करायला लावलेलं दान हे दान उरत नाही, हे तिथे फिरताना आपोआप कळतं.

आणि १९९० च्या 'अल्टिमा ६' मध्ये तर धक्काच! शिंगं आणि पंख असलेले गार्गॉइल ब्रिटानियावर चालून येतात. दिसायला अगदी राक्षस. पण त्यांच्या मुलखात गेलं, की कळतं, आपण मिरवत मिळवलेला तो ज्ञानग्रंथ मुळात त्यांचा होता. तो गेल्यापासून त्यांची भूमी कोसळते आहे. त्यांचीही मूलतत्त्वं आहेत: संयम, उत्कटता आणि उद्यम. त्यांच्या भविष्यवाणीत मात्र आपलं नाव 'खोटा प्रेषित' असं आहे. आठही पानं भरलेला माणूससुद्धा नकळत दुसऱ्याचं घर मोडू शकतो! इथे तलवारीने काही सुटत नाही. ग्रंथ दोन्ही लोकांना वाचता येईल अशी सोय करावी लागते, तेव्हाच भांडण मिटतं.

पुढे कितीतरी गेममध्ये चांगल्या-वाईटाची मोजणी आली. कुठे चेहरा बदलतो, कुठे गावकरी नमस्कार करतात, कुठे दारं बंद होतात. म्हणून मित्रांनो, यापुढे कुठल्याही खेळातल्या देशात शिराल, तेव्हा तिथली शस्त्रं मोजण्याआधी एक गोष्ट नक्की पाहा: हा देश कशाची बेरीज करतो आणि कशाची वजाबाकी? आणि ज्याची तो नोंदच करत नाही, असं कोण तिथे राहतं? देशाची खरी ओळख तिथेच पटते. हा प्रश्न आपल्या घराला, वर्गाला आणि गावालाही विचारून पाहायला हरकत नाही.