दोन ऋणभारांचा उंबरठा

पीटीपी-१बी हे एन्झाइम इन्सुलिनचा निरोप पुसते. इन्सुलिन बिलगले की रिसेप्टरच्या टायरोसीनांवर फॉस्फेट चढतात. पीटीपी-१बी ते उतरवते. त्याला रोखले तर आहे तेवढेच इन्सुलिन अधिक काम करील, हा टाइप २ मधुमेहावरच्या औषधामागचा हिशेब. निकोलस टॉन्क्स आणि एडमंड फिशर यांनी १९८८ मध्ये ते मानवी वारेतून शुद्ध केले. १९९९ मध्ये मॅकगिल विद्यापीठातले, या एन्झाइमचे जनुक काढलेले उंदीर चरबीयुक्त खाण्यावरही फारसे सुटले नाहीत, आणि त्यांना इन्सुलिन अधिक लागू पडले. मग औषध कंपन्यांची झुंबड उडाली.

अडले ते क्रियास्थळापाशी. सिस्टीन २१५ भोवतीचा तो खळगा धनभारित. त्यात घट्ट बसायचे तर रेणूला फॉस्फेटसारखे दोन ऋणभार हवेत, आणि असा रेणू पेशीपटलातून आत जात नाही. भार काढला की आत जातो, पण एन्झाइमला धरत नाही. फॉस्फोनेट लावून झाले, कार्बॉक्सिलिक आम्ल लावून झाले, भार एस्टरखाली झाकून झाले. परीक्षानळीत नॅनोमोलर आकडा, पेशीत शुकशुकाट. तो पहिला आकडा सभेत पडद्यावर ठळक दाखवण्याची हौस या धंद्यात कुणाला नव्हती? दुसरा आकडा कुणी विचारला तरच सांगायचा.

याहून लाजिरवाणा प्रकार म्हणजे काही ‘यशस्वी’ रेणू खळग्यात बसलेच नव्हते. बफरमधल्या डीटीटी या क्षपणकाच्या साथीने ते हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत आणि त्याने सिस्टीनचे ऑक्सिडीकरण होई. पेरॉक्साइड फोडणारे कॅटलेझ घातले की सगळा परिणाम गायब.

त्यात जुळ्या भावाची पंचाईत. टीसी-पीटीपीचे क्रियास्थळ जवळपास हुबेहूब, आणि ते नसलेले उंदीर जन्मानंतर काही आठवड्यांतच मरतात. १९९७ मध्ये शेजारी दुसरा खळगा सापडला. एकाच रेणूने दोन्ही धरले की निवडकपणा वाढे. पण रेणू जाडजूड होई आणि भारही बहुधा वाढत. म्हणजे पुन्हा उंबरठ्यावरच.

मधुमेहासाठीच डीपीपी-४ हे दुसरे एन्झाइम रोखणाऱ्यांचा हेवा वाटतो तो इथे. त्यांचे एन्झाइम पेशीच्या बाहेरच्या अंगाला आणि रक्तात. उंबरठा ओलांडायचाच नाही. त्यांचे सिटाग्लिप्टिन २००६ मध्ये बाजारात आले. त्यात कारागिरी कमी होती असे म्हणणे हा निव्वळ मत्सर.

इकडे पीटीपी-१बी रोखणारे एर्टिप्रोटाफिब मानवी चाचण्यांच्या दुसऱ्या टप्प्यातच थांबले. अखेर २०२३ मध्ये पोटातून देता येणारा, पेशीत शिरणारा एक रेणू जाहीर झाला. तो पीटीपी-१बी आणि टीसी-पीटीपी दोघांनाही रोखतो. त्याच्या चाचण्या कर्करोगाच्या रुग्णांवर सुरू झाल्या.