खानदेशातील नक्षीदार पिस्तुले

खानदेशात येणारा प्रवासी बहुधा जळगावास उतरून अजिंठ्याची लेणी पाहतो, सराफ बाजारात सोन्याचा भाव विचारतो आणि परत जातो. या प्रांतातील जुन्या वाड्यांत मात्र एक निराळीच वस्तू क्वचित् दृष्टीस पडते. तिचा परिचय वाचकांस करून देण्याचे आम्ही योजिले आहे. ती वस्तू म्हणजे पंजात मावेल एवढे, वेलबुट्टी कोरलेले, शे-दोनशे वर्षांपूर्वीचे पिस्तूल. ज्यांचे सारे आयुष्य खडू-फळ्यापाशी गेले त्यांनी शस्त्रांविषयी लिहावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु शस्त्र बोथट झाले, त्याचा धाक सरला, की उरतो तो त्यावरील लेख. आणि लेख वाचणे हा तर आमचा जन्माचा व्यवसायच होय.

जळगावी आमचे एक स्नेही आहेत. व्यवसायाने ते वैद्य. गेल्या तीस वर्षांत त्यांनी अशी नऊ पिस्तुले मिळविली. त्यांतील एकही चालण्याजोगे नाही, आणि प्रत्येकाचे कागद रीतसर आहेत. एके दिवशी त्यांनी आम्हांस ती एकेक करून दाखविली.

पहिले गारगोटीच्या चापाचे. याची नळी पेचाची असून ती फिरवून काढावयाची, तळाशी दारू व गोळी ठेवावयाची आणि नळी पुन्हा बसवावयाची. असे असल्यामुळे गजाची गरज नाही आणि ते खिशात सहज राहते. बाजूच्या पत्र्यावर ध्वज, भाले व नगारे यांचा जुडगा कोरला आहे. नळीखाली बारीक ठसे आहेत. लंडनच्या बंदूकवाल्यांची श्रेणी १६३७ सालची. तिच्या परीक्षेत टिकलेल्या नळीवर मुकुटाखाली अक्षरे उमटवीत. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ सालचे. त्याचा ठसा मुकुट आणि फुलीसारखे आडवे राजदंड असा. ज्यास हे ठसे वाचता येतात त्यास पिस्तुलाचे कूळ सांगावयास दुकानदाराची गरज पडत नाही.

दुसरे टोपीचे. घोड्याने टोपीवर आघात करून बार उडविण्याच्या या पद्धतीचे मूळ फोर्सिथ नामक एका स्कॉटिश धर्मोपदेशकाच्या शोधात आहे. त्याने १८०७ साली स्फोटक चूर्णाने बार पेटविण्याचे पेटंट घेतले. गारगोटीची ठिणगी पाहताच पक्षी उडून जात, म्हणून या धर्मोपदेशकाने एवढा खटाटोप केला, असे सांगतात!

तिसरे अमेरिकेतील कोल्टचे, १८४९ च्या नमुन्याचे खिशातील रिव्हॉल्व्हर. याच्या फिरत्या चक्रावर प्रवासी घोडागाडीवरील दरोड्याचे चित्र आहे. ते हाताने कोरलेले नव्हे. ऑर्म्सबी नामक कारागिराने तयार केलेल्या साच्याच्या रुळाने ते दाबून उठविले आहे. या जातीची तीन लाखांहून अधिक रिव्हॉल्व्हरे निघाली आणि गाडी सगळ्यांवर तीच. परंतु स्नेह्यांच्या प्रतीवर गाडीची दोन चाके तेवढी शिल्लक आहेत. पूर्वीच्या मालकाच्या घरी दसऱ्यास शस्त्रपूजेपूर्वी ते दरवर्षी विटकरीने घासून लख्ख करीत असत. भक्तीने चित्र झिजावे, याहून मोठी विसंगती कोणती!

चौथ्याच्या नळीवर सोन्याची वेल आहे. तिचे मर्म स्नेह्यांस एका वृद्ध सोनाराने उलगडून सांगितले. ही कोफ्तगिरी, फारसीत ‘कोफ्तन’ म्हणजे ठोकणे. पोलादावर आडव्याउभ्या बारीक रेघा पाडून भूमी खरखरीत करावयाची, तीवर नक्षीप्रमाणे सोन्याची तार ठोकून बसवावयाची, तापवावयाची आणि अकीकाने घोटावयाची. सियालकोट, अलवर, जयपूर येथील कारागीर या कामात नावाजलेले होते. अलीकडे साध्या जुन्या पिस्तुलावर नवी नक्षी कोरून किंमत चढविणारेही आहेत. त्यांस ओळखण्याची खूण त्याच सोनाराने सांगितली: जुनी नक्षी गंजाच्या खड्ड्यात बुडून तुटलेली दिसते; नवी रेघ त्या खड्ड्याच्या तळाशीही उतरलेली असते.

ही विलायती पिस्तुले खानदेशात आली कशी? याचे उत्तर जळगावहून धुळ्यास जाणाऱ्या सडकेवर मिळते. आम्ही एस. टी. ने निघालो. पाळधी मागे टाकून गाडी एरंडोलाकडे वळली, तेव्हा उत्तरेस धरणगाव राहिले. १८१८ साली हा मुलूख इंग्रजांच्या हाती आला आणि १८२५ साली औट्रमने भिल्ल पलटण उभारली. तिचे ठाणे या धरणगावी होते. इंग्रज अधिकारी आपली पिस्तुले स्वतःच्या पैशाने विकत घेत. एखादा मरण पावला की त्याचे सामान छावणीतच लिलावाने विकण्याची चाल होती. त्या लिलावांतून, कधी नजराण्यांतून, अशा वस्तू देशमुख-जहागीरदारांच्या घरी शिरल्या असाव्यात.

एरंडोलास आम्हांस एका वाड्यात जावयाचे होते. तेथे चार भावांच्या वाटण्या चालू होत्या. माळ्यावरील शिसवी पेटीत एक लहान पिस्तूल निघाले होते, आणि ते कोणासच नको होते. धाकट्याचे म्हणणे, रात्री गिरणेत टाकून यावे. थोरल्याकडे एक जुन्या वस्तूंचा व्यापारी येऊन गेला होता. गुपचूप रोख रक्कम देण्यास तो तयार होता. घरातील वृद्ध मातुःश्री मात्र म्हणाल्या, “मास्तर, आमच्या सासऱ्यांनी ते जपलं होतं. का जपलं, एवढं सांगा. मग नदीत टाका.”

त्याच पेटीत मोडी कागदांचे एक रुमाल होते. ते बंबात घालण्याकरिता पाटीत काढून ठेवलेले आम्ही पाहिले आणि तेथेच बैठक मारली. दोन प्रहर वाचल्यावर जडजवाहीर व भांड्यांची एक याद हाती आली. तीत तपेली, समया, पानदान यांच्या ओळीत ‘पिस्तूल लहान, रुपेरी फुलांचे, नग एक’ अशी नोंद होती आणि पुढे, मुलीच्या लग्नाच्या खर्चासाठी ते सावकाराकडे ठेवून पुढील सुगीस सोडवून आणल्याचा शेरा होता. लढाई नाही, पराक्रम नाही. एका बापाची ओढाताण तेवढी. मातुःश्रींनी तो शेरा पुन्हा वाचावयास लावला. पुढे वाटणीपत्रात ते पिस्तूल कोणाच्याही नावे न घालता चौघांनी मिळून पोलीस ठाण्यात लेखी वर्दी दिली. तपासणी व्हावयाची आहे. याद मात्र आता काचेत आहे.

एरंडोलापुढे पारोळे. येथील भुईकोट किल्ला हरि सदाशिव दामोदर यांनी १७२७ साली बांधिल्याचे सांगतात. १८५७ च्या उठावात मालक विरोधी ठरले, म्हणून इंग्रजांनी जहागीर जप्त करून किल्ल्याची मोडतोड केली. झाशीच्या राणीच्या माहेरच्या तांबे घराण्याचाही या गावाशी संबंध सांगितला जातो. परिणामी या बाजूस निघालेले कोणतेही पिस्तूल व्यापाऱ्याच्या मुखाने तत्काळ राणीसाहेबांचे होते! कागदाने जे सिद्ध होत नाही ते जिव्हेने सिद्ध करणे सोपे असते. वस्तुस्थिती एवढीच, की त्या उठावानंतर हत्यारे काढून घेण्याचे सत्र सुरू झाले आणि १८७८ च्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला. असंख्य शस्त्रे मोडली गेली. जी उरली ती भयाने लपविलेली म्हणूनच उरली, आणि लपविताना त्यांचा इतिहासही गिळला गेला.

अस्तमानाच्या सुमारास पांझरेकाठी धुळ्यास पोहोचलो. दुसरे दिवशी इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळाच्या वास्तूस नमस्कार केला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे देहावसान याच नगरात ३१ डिसेंबर १९२६ रोजी झाले आणि लगेच १९२७ च्या जानेवारीत मंडळ स्थापन झाले. गावोगाव हिंडून वाड्यांतील दप्तरे त्यांनी वाचविली. १८९८ साली त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला, तोही वाईच्या एका घरात सापडलेल्या कागदांच्या बळावर. कागद कोठे, कोणाकडे, कोणत्या स्थितीत मिळाला हे नोंदविण्यास ते कागदाइतकेच महत्त्व देत. पिस्तुलाचा संग्राहक आणि दप्तराचा संशोधक यांचा धर्म येथे एकच होतो. संस्कृतात संग्रह आणि परिग्रह असे दोन शब्द आहेत. केवळ आपल्यापाशी असावे म्हणून धरून ठेवणे हा परिग्रह. पुढच्यास अर्थासह देता यावे म्हणून जपणे हा संग्रह. सोन्याची वेल असूनही ज्याचे घराणे ठाऊक नाही ते पिस्तूल लोखंडाचा सुंदर तुकडा होय. आणि रुपेरी फुले झिजलेले एरंडोलचे पिस्तूल, त्या एका ओळीच्या शेऱ्याने, एका घराण्याचे चरित्र होय.

म्हणून ज्यांच्या माळ्यावर अशी वस्तू निघेल त्यांस दोन शब्द सांगतो. ती नदीत टाकू नये आणि गुपचूप विकूही नये. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमात जुन्या बनावटीच्या, पुराणमूल्याच्या किंवा मोडक्या शस्त्रास सूट आहे. परंतु दुरुस्त करूनही ते चालण्याजोगे नसावे. याचा निर्णय आपण घरी बसून करावयाचा नाही. पोलीस ठाण्यात कळवून जाणत्याकडून करून घ्यावा. शंभर वर्षांवरील वस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते. ती परदेशी धाडणे खासगी व्यक्तीस मना आहे. नळीत जुना बार भरलेला असू शकतो, यास्तव मुलांच्या हाती देऊ नये आणि घोडा ओढून पाहू नये. चिंच, राख, विटकर यांचा स्पर्शही नको. आणि घरात जो सर्वांत वृद्ध असेल त्याच्यापाशी वही-लेखणी घेऊन बसावे; ते कोणी आणले, कोणी जपले, हे विचारून तारखेसह लिहून ठेवावे. पिस्तूल आणखी शंभर वर्षे टिकेल. सांगणारे टिकणार नाहीत.