मला आवडलेल्या लांबलचक तबकड्या

मैत्रिणींनो, लोणच्याच्या मापांशेजारी विलायती 'रॉक'च्या तबकड्या म्हणजे तांदळात खडा लागल्यासारखं वाटेल तुम्हाला. पण गेली चाळीस वर्षं हे संगीत ऐकते आहे मी. आधी कॅसेटवर, मग सीडीवर, आता मोबाइलवर. तेव्हा माझीही काही मतं झाली आहेत, ती आज तुमच्या पानात वाढते. 'हेदवीत बसून हे कसलं खूळ?' असं मात्र विचारू नका हं! शिमग्यात रात्र रात्र नमन-खेळे बघणाऱ्यांना वीस मिनिटांचं गाणं लांब वाटत नाही.

या प्रकाराला 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणतात. १९७० च्या आसपास इंग्लंडमधल्या काही तरुणांना तीन मिनिटांच्या गाण्यांचा कंटाळा आला आणि त्यांनी अख्ख्या तबकडीभर एकच विषय मांडायला सुरुवात केली. आता यात आपल्याला नवल ते काय? गदिमा आणि सुधीर फडके यांनी १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून ५६ गीतांत रामायण सांगितलंच होतं की! सुटं ऐकलं तर गाणं, ओळीनं ऐकलं तर कथा. या तबकड्यांचंही तसंच आहे. मधलंच एखादं गाणं उचलून ऐकलं तर काही कळणार नाही.

सुरुवात करायची तर 'पिंक फ्लॉइड'च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'पासून करा. १९७३ ची ही तबकडी साधारण ४३ मिनिटांची. हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होते आणि ठोक्यांनीच संपते. मध्ये एकदम सगळी घड्याळं वाजतात, तेव्हा दचकू नका. 'मनी' नावाचं गाणं लागलं की मांडीवर हातानं मोजा. आपल्या रूपकासारख्या सात मात्रा भरतील. गिटार पुढे आली की सरळ चार होतात आणि मग पुन्हा सात. भजनात टाळ धरलेल्या बाईला हे पटकन सापडतं.

पण या तबकडीतलं माझं लाडकं गाणं वेगळंच आहे. 'द ग्रेट गिग इन द स्काय'. त्यात बाईचा आवाज आहे, गाण्याचे शब्द मात्र नाहीत. नुसती आळवणी, कधी किंकाळी, कधी थकून शांत होणं. विषय मृत्यूचा. क्लेअर टोरी ही तेव्हा २५ वर्षांची, रोजावर गाणारी गायिका. जानेवारी १९७३ मध्ये तिला बोलावलं, शब्द नाहीत, चाल नाही, काहीतरी गा म्हणाले. दोन-तीनदा गायली, ३० पौंड घेऊन घरी गेली. तबकडी जगभर खपली. गायिका म्हणून नाव छापलं, पण रचनाकार म्हणून पियानो वाजवणाऱ्या रिचर्ड राइटचं एकट्याचंच. आता मला सांगा, जी चाल तिच्या गळ्यातून त्या दिवशी पहिल्यांदा निघाली, ती रचना कुणाची? २००४ साली तिनं दावा लावला, २००५ मध्ये तडजोड झाली आणि त्यानंतर रचनाकारांत तिचंही नाव आलं. ३२ वर्षांनी! जात्यावर ओव्या रचणाऱ्या आपल्या बहुतेक आज्यांचं तर तेवढंही झालं नाही.

'येस' या मंडळींचं 'क्लोज टू द एज' १९७२ चं. अठरा मिनिटांचं एकच गाणं, पण बांधेसूद. पुढच्याच वर्षी त्यांनी 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' काढली. परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातली आपल्या शास्त्रांविषयीची एक तळटीप वाचून सुचलेली. चार बाजू, चार गाणी! मला विचाराल तर चार माणसांचं वरण पाणी घालून चाळिसांना वाढल्यासारखं आहे ते. त्यांचा वादक रिक वेकमन यालाही ते पटलं नव्हतं. एका कार्यक्रमात आपण वाजवायचं सोडून मंचावरच करी खाल्ली, असं तो स्वतः सांगतो.

आणि आता केट बुश. तिला काहीजण या पंगतीत बसवत नाहीत. मी बसवते. आईवडिलांच्या घराजवळ स्वतःचा स्टुडिओ थाटून, सगळी सूत्रं आपल्याच हाती ठेवून तिनं १९८५ मध्ये 'हाउंड्स ऑफ लव्ह' काढली. पहिल्या बाजूचं 'रनिंग अप दॅट हिल' २०२२ साली एका अमेरिकन मालिकेमुळे पुन्हा गाजलं, ते तुमच्या मुलींना माहीत असेल. तुम्ही दुसरी बाजू ऐका. 'द नाइन्थ वेव्ह', सात गाणी. एक बाई रात्री समुद्रात एकटी तरंगते आहे. झोप आली तर संपलं. मनानं ती घरी जाते, तिथला माणूस वाट बघतो आहे, पण त्याला ती दिसत नाही. मग तिचंच पुढचं म्हातारपण येऊन तिला दटावतं, की तू मेलीस तर मी कुठून होणार?

आमच्या बामणघळीत भरतीचं पाणी घुसून उसळतं, तो आवाज ऐकत वाढलेल्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. होडी यायला उशीर झाला की काठावर काय होतं, ते किनाऱ्याच्या बायकांना ठाऊक असतं. इथे मात्र गाणं काठावरचं नाही, पाण्यातल्या बाईचं आहे. शेवटी धुकं, पहाट, आणि घरच्यांची आठवण. ती वाचते असंच मी धरून चालते.

एक सांगून ठेवते. ही बाजू कुकर लावून ऐकायची नाही. निजानीज झाली की दिवा मालवून, पदराखाली फोन धरून एका बैठकीत ऐका. पाऊण तासाच्या आतच आटपतं.