धुऱ्यावरची जाळी

आज धुऱ्यावर वेल्डेड जाळीचे पॅनेल उभे राहायला लागले. आमची काळी जमीन कपाशीला उत्तम, खांबाला मात्र वैरीण. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरवर गाडलेला अँगल कलतो. म्हणून खड्डे खोल घेतले, काँक्रीट भरलं, कोपऱ्यांना दोन्ही बाजूंनी तिरपे टेकू दिले.

वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळतो. गंज तिथूनच धरतो. वेल्डर म्हणाला, ‘‘भाऊ, रंग शेवटी मारू नं!’’ मी प्रायमरचा डबा त्याच्या हातातच दिला.

रानडुक्कर खालून मुसंडी मारतं, रोही वरून झेपावतो. त्यामुळे जाळीचा खालचा काठ वीतभर मातीत, वर काटेरी तार. खर्च ऐकून शेजारचे काका म्हणाले, ‘‘तारेत करंट सोड, स्वस्तात काम होते.’’ त्या स्वस्ताईत वाघ मेलेत, माणसंही. नकोच ती.

जागलीला जाणं यंदा कमी होईल, एवढंच मागणं.

उद्या नाल्याची बाजू. तिथे जाळी घट्ट बसवली की पुरात कचरा अडकून खांबासकट जाणार. मोकळं सोडलं तर डुकरांना आयता दरवाजा. वरून साखळीवर लोंबणारी, पाण्यासोबत उचलली जाणारी जाळी लावावी म्हणतो. वेल्डरला अजून सांगितलेलं नाही.